लेकराच्या डोक्यावरचा पत्रा

आमच्या दारात दोन छपरं आहेत. एक माणसांचं आणि एक शेळ्यांचं. दोन्हींवर पत्राच आहे. पण २०२४ च्या एप्रिल महिन्यात शेळ्यांच्या पत्र्यावर तुराट्यांचा हातभर थर होता, आणि माणसांचा पत्रा उघडा होता. हे असं कसं झालं, आणि त्यापायी माझा साडेतीन वर्षांचा नातू हातचा जाता जाता कसा राहिला, ते आज लिहायला बसले आहे. संकोच वाटतो, कारण चूक माझीच होती. पण आमच्या औंढा तालुक्यात काय, सेनगाव-कळमनुरीकडे काय, घरोघर असाच पत्रा आहे आणि घरोघर लेकरं आहेत. तेव्हा संकोच बाजूला ठेवते.

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा घर धाब्याचं होतं. दगडमातीच्या दोन-दोन हात रुंद भिंती, सागवानी खांब, वर तुळया, तुळयांवर लाकडं, त्यावर पाला आणि पाल्यावर पांढरीच्या मातीचा जाड थर. मृग लागायच्या आधी सासूबाई आणि मी वर चढून नवी माती पसरायचो, चोपायचो. कंबर मोडून जायची. शिवाय पावसाळ्यात एखादी जागा गळायचीच, मग घरभर भांडी मांडून ठेवायची. धाब्याचं कौतुक सांगणारी माणसं ही कंबरमोड विसरतात, म्हणून मुद्दाम सांगितलं. पण एक मात्र खरं. वैशाखात बाहेर अंगाची लाही होत असली तरी उंबरठा ओलांडून आत आलं की रांजणात हात घातल्यासारखं वाटायचं. माझी तिन्ही लेकरं त्या घरात भरदुपारी उघड्या अंगानं गाढ झोपायची. पंखा नव्हता. विजेचा दिवाच मुळी एक होता.

मग १९९३ साली ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. किल्लारी आमच्यापासून लांब. पण तिथली घरं आमच्यासारखीच होती, दगडमातीची, वर मातीचं ओझं असलेली. हजारो माणसं झोपेतच आपापल्या घराखाली गेली. सासऱ्यांनी पेपरातली चित्रं पाहिली आणि तीन दिवस ते धड जेवले नाहीत. पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी धाबं उतरवलं आणि पत्रा टाकला. त्यांचं चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. आमच्या जिल्ह्याची जमीनसुद्धा गप्प बसणारी नाही. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे गावात जमिनीतून येणारे आवाज लोक कितीतरी वर्षं ऐकत आले आहेत.

पत्रा तापतो हे पहिल्याच उन्हाळ्यात कळलं. तेव्हापासून दर फाल्गुनात तूर झोडून झाली की तुराट्या पत्र्यावर पसरायच्या आणि वाऱ्यानं उडू नयेत म्हणून वर दगड ठेवायचे, हा रिवाज पडला. पावसाच्या आधी त्या उतरवायच्या, म्हणजे सरपणालाही कामी येतात. हे तीस वर्षं चाललं.

२१ मार्च २०२४ ला सकाळी सहा वाजून गेले होते. मी सडा टाकत होते. जमीन हादरली, पत्रा थडथडला, आतली भांडी खाली आली. दहाएक मिनिटांनी आणखी एक धक्का बसला. पहिला धक्का ४.५ रिश्टरचा होता असं नंतर कळलं. गाव सगळं रस्त्यावर आलं. मोठी नात तेव्हा दहा वर्षांची, ती माझ्या पदराला धरून थरथरत होती. कुणाला इजा झाली नाही, पण ज्यांच्या पत्र्यावर दगड आहेत त्यांनी ते उतरवून घ्यावेत असं प्रशासनानं सांगितलं. सांगणं अगदी बरोबर होतं. झोपलेल्या माणसाच्या डोक्यावर पाच-दहा किलोचा दगड टांगून ठेवणं हा काही शहाणपणा नव्हे. त्याच दिवशी मुलानं दगड काढले. दगड गेल्यावर तुराट्या राहणार कशा? त्याही काढल्या. काढलेल्या तुराट्या टाकायच्या कुठं? गोठ्याचं छप्पर ठेंगणं, वरून तारा आवळलेल्या. तिथं नेऊन रचल्या. उन्हानं शेळी दुधाला आटते हे आम्हाला ठाऊक होतं, म्हणून शेळ्यांची सोय झाली याचा आनंदच वाटला. माणसांचं काय, असं कुणी विचारलं नाही. पंखा होता ना!

आता हळदीकडे येते. आमच्या भागात हळद म्हणजे घराचा कणा. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा आम्हा सगळ्यांना अभिमान आहे. पण हळदीचं सगळं काम येतं ते ऐन उन्हात. काढायची, शिजवायची, मग दहा-पंधरा दिवस वाळवायची. हळद वाळायला कडक ऊन लागतं, आणि त्याच उन्हात लेकरं होरपळतात. त्यात अलीकडे भर पडली आहे अवकाळीची. सकाळी निरभ्र, दुपारी तीनला काळं आभाळ. वाळत आलेली हळद एकदा भिजली की तिचा रंग जातो आणि रंग गेला की भाव जातो. वर्षाची कमाई अंगणात उघडी पडलेली असते आणि बाई दिवसभर एक डोळा आभाळाकडे ठेवून असते.

२६ एप्रिलला आमच्या हिंगोलीचं लोकसभेचं मतदान झालं. त्याच्या आदल्या आठवड्यातली ही गोष्ट. मुलगा आणि सून शेतात होते. नात मैत्रिणीकडे गेली होती. नातवाला जेवू घालून मी आत झोपवलं, पंखा लावला, दार ओढून घेतलं. वीज केव्हा गेली ते मला कळलंच नाही. आभाळ भरून आलं म्हणून मी खळ्याकडे पळाले. हळद गोळा केली, ताडपत्री ओढली, कडेला दगड ठेवले. पाऊस काही आला नाही, नुसतंच उकडलं. तिथंच शेजारणीशी दोन शब्द बोलत बसले. दीड तास गेला असेल.

घरात पाय टाकला तर भट्टीत शिरल्यासारखं झालं. लेकरू अंथरुणाच्या खाली लोळलेलं. अंगाला हात लावला तो चुलीवरच्या तव्यासारखा लागला. घाम नाही. हाक मारली तर डोळे अर्धवट उघडले आणि काहीतरी असंबद्ध पुटपुटला. रडायला तोंड वाकडं केलं, पण डोळ्यांत पाणी नाही.

आणि मी काय केलं? ताप भरला असं समजून गोधडीत गुंडाळलं. तिन्ही लेकरांना ताप आला तेव्हा मी हेच केलं होतं. ताप आला की पांघरूण घालायचं, घाम येऊ द्यायचा. घरात तापाच्या औषधाची बाटली होती, ती शोधू लागले. तेवढ्यात आरडाओरडा ऐकून आमच्या गावच्या आशाताई आल्या. त्यांनी माझ्या हातातून पोर जवळजवळ हिसकावलंच. गोधडी फेकली, अंगातला सदरा काढला, निंबाखाली बाजेवर ठेवलं. लुगड्याचा धडपा ओला करून मान, काखा, जांघा, सगळं अंग पुसून काढायला लावलं, आणि शेजारणीला सुपानं वारा घालायला बसवलं. मी पाण्याचा तांब्या त्याच्या तोंडाला लावायला गेले तर म्हणाल्या, "मावशी, शुद्धीवर नाही तो. पाणी श्वासात जाईल. वरूनच ओतत राहा." त्यांनी १०८ ला फोन केला. गाडी येईपर्यंत पोराला एकदा झटका आला. कुणीतरी म्हणालं, चप्पल हुंगवा. आशाताईंनी त्यांच्याकडे असं काही पाहिलं की ते गृहस्थ मागच्या मागे निघून गेले.

सून शेतातून पळत आली ती थेट गाडीतच बसली. मला एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

दवाखान्यात तीन दिवस गेले. सलाईन लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पोरानं डोळे नीट उघडून "आजी, शेळी कुठाय?" असं विचारलं, तेव्हा मी बाहेर जाऊन भिंतीला डोकं टेकून रडून घेतलं.

तिथल्या डॉक्टरीणबाई वयानं माझ्या धाकट्या मुलीएवढ्या असतील. मी त्यांना विचारलं, "बाई, आम्ही एवढी माणसं उन्हात राबतो, आम्हाला काही होत नाही. हा तर सावलीत होता. याला कसं झालं?" त्यांनी बसवून समजावलं. त्या म्हणाल्या, आजी, पत्र्याखालची सावली ही सावली नव्हे. पत्रा स्वतः तापतो आणि ती धग खाली सोडतो. लहान लेकराचं शरीर मोठ्या माणसापेक्षा लवकर तापतं, कारण वजनाच्या मानानं त्याची कातडी जास्त असते, आणि घाम मात्र त्याला आपल्याएवढा येत नाही. तहान लागली तरी ते उठून माठाकडे जात नाही, कुणी दिलं तर पितं. आणि ताप दोन तऱ्हेचे असतात. दुखण्याचा ताप आतून येतो, उन्हाचा ताप बाहेरून शिरतो. बाहेरून शिरलेल्या तापाला तापाचं औषध चालत नाही. त्याला पाणी, वारा आणि वेळ न घालवता दवाखाना. पांघरूण तर कधीच नाही.

मग त्यांनी अहमदाबादची एक गोष्ट सांगितली. २०१० च्या मे महिन्यात तिथं पारा ४६ अंशांच्या वर गेला होता. तिथल्या शारदाबेन रुग्णालयात बाळंतिणींचा कक्ष सगळ्यात वरच्या मजल्यावर, काळ्या डांबरी छताखाली होता. उन्हानं तापलेली तान्ही बाळं एकामागून एक अतिदक्षता विभागात येऊ लागली. मग डॉक्टरांनी तो कक्ष खालच्या मजल्यावर हलवला आणि अशी बाळं येण्याचं प्रमाण कमी झालं. २०१३ साली त्या शहरानं उन्हाळ्याचा कृती आराखडा केला आणि पुढे गरिबांच्या वस्तीत छपरांना पांढरा रंग देण्याचं कामही झालं. मी ते ऐकून गप्पच झाले. एवढ्या मोठ्या रुग्णालयात छताची गोष्ट डॉक्टरांच्या ध्यानात यायला बाळं आजारी पडावी लागली. मग मी अडाणी बाई, माझ्या ध्यानात कुठून येणार, असं म्हणून स्वतःची समजूत घालावी असं वाटलं. पण मी तर शेळ्यांच्या पत्र्यावर तुराट्या टाकल्या होत्या. मला ठाऊक नव्हतं असं कसं म्हणू?

ऊन आमच्या लहानपणीही होतंच, असं पारावरची म्हातारी माणसं म्हणतात. होतं खरं. पण २०२४ हे साल जगभरात मोजणी सुरू झाल्यापासूनचं सगळ्यात उष्ण साल ठरलं. कोळसा आणि तेल भरमसाट जाळायच्या आधी पृथ्वी जेवढी गरम होती, त्याहून सुमारे दीड अंशानं त्या वर्षी ती जास्त तापली. दीड अंशानं काय होतं, असं आमचे हे म्हणाले. मी म्हटलं, लेकराचं अंग दीड अंशानं तापलं तर तुम्ही रात्रभर उशाशी बसता ना? युनिसेफ या संस्थेनं २०२१ साली १६३ देशांची पाहणी केली होती, लेकरांना हवामानाचा धोका कुठं किती आहे याची. त्यात आपला देश २६ वा. धूर करणारे कोण आणि तापणारी लेकरं कुणाची, हा हिशेब मांडायला बसलं तर राग येतो. पण राग येऊन पत्रा गार होत नाही.

दवाखान्यातून आल्यावर चार दिवस सून माझ्याशी मोजकंच बोलत होती. पाचव्या दिवशी सकाळी तीच म्हणाली, "आत्याबाई, तुराट्या परत वर टाकायच्या. पण दगड नकोत." मग घरातली सगळी माणसं कामाला लागली. तुराट्यांच्या खाटेएवढ्या ताट्या बांधल्या, सुतळीनं घट्ट. त्या पत्र्याखालच्या लोखंडी पाइपांना तारेनं आवळून टाकल्या. वजन हलकं, आणि वाऱ्यानंही हलत नाहीत. चुलीच्या वरच्या भागावर आणि विजेची तार येते त्या कोपऱ्यात मात्र तुराट्या टाकल्या नाहीत, आगीची भीती. तिथं चुना दिला, दोन हात. चुन्यात थोडा डिंक कालवला म्हणजे त्याचे पोपडे लवकर निघत नाहीत. आतून युरियाच्या रिकाम्या गोण्या धुऊन, शिवून त्याचं छत ताणलं, तेही चुलीपासून लांब. आणि उन्हाळाभर चूल बाहेर नेली. या शेवटच्या गोष्टीला मीच आधी नाही म्हणत होते. दारात चूल म्हणजे लोकांच्या नजरा. पण आता बरं वाटतं, धूरही घरात राहत नाही.

पाण्याचीही शिस्त सुनेनंच लावली. नातवाचा एक छोटा तांब्या वेगळा ठेवला आहे, तो दुपारपर्यंत दोनदा रिकामा झालाच पाहिजे. लेकरू किती वेळा लघवीला गेलं आणि रंग कसा आहे, ते ती पाहते. हळदीसारखी पिवळी दिसली की समजायचं, पाणी कमी पडलं. ताक, पन्हं, लिंबाचं सरबत काहीही चालतं. जुलाब लागले तर मात्र मिठासाखरेचं पाणी. पुडी असली तर लिटरभर पाण्यात अख्खी पुडी एकदम. नसली तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्यानं, सपाट मोजून. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत पटकीची साथ आली आणि सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच तऱ्हेचं पाणी पाजून माणसं वाचवली. तान्ह्या बाळाचं वेगळं. सहा महिन्यांपर्यंत त्याला उन्हाळ्यातही वरचं पाणी द्यायचं नाही, आईचं दूधच वरचेवर पाजायचं. आणि त्यासाठी आईनं पाणी प्यायला पाहिजे, हे आम्हा सासवांना कुणीतरी बजावून सांगायला हवं.

नातू सावरला. मोठी नात मात्र त्या वर्षी मनानं खचली. मार्चमध्ये जमीन हलली, एप्रिलमध्ये भावाला झटका आला तो तिनं दारातून पाहिला होता. १० जुलैला सकाळी सात वाजता पुन्हा तेवढाच धक्का बसला. आणि सप्टेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत, ऐन पोळ्याला, असा पाऊस झाला की कयाधूचं पाणी पात्रात मावेना. बैल सजवायचे सोडून माणसं सोयाबीन पाण्याखाली जाताना पाहत उभी होती. बाप रात्री जेवला नाही, ते तिनं पाहिलं. मग तिला दिसेल त्याची भीती वाटू लागली. ढग आला तरी भीती, पत्रा वाजला तरी भीती. रात्री दोनदा उठून भावाच्या अंगाला हात लावून बघायची. अभ्यासात लक्ष लागेना. एकदा मला म्हणाली, "आजी, आपल्यासाठी कोणतं घर चांगलं? धाब्याचं पडतं, पत्र्याचं तापतं." मला उत्तर देता आलं नाही. शेजारी घरकुलाचं सिमेंटचं घर झालं आहे, तेही रात्री दहापर्यंत गरमच असतं.

तिच्या शाळेतल्या सरांना मी हे सांगितलं. सर समजूतदार. त्यांनी तिला भिंतीवर टांगायचं एक तापमापक दिलं आणि वही दिली, रोज दुपारी दोन वाजताचा पारा लिहून ठेवायचा म्हणून. २०२५ च्या उन्हाळ्यात तिनं तो घरात एक दिवस आणि निंबाखाली एक दिवस असा लावून पाहिला. ताट्या बांधायच्या आधी घरात ४३ आणि निंबाखाली ४०. ताट्या बांधल्यावर घरातही ४०. तीन अंशांसाठी आम्ही दोन दिवस खपलो, असं आमचे हे म्हणाले. नातीनं त्यांना वही दाखवून असं काही सुनावलं की ते हसत हसत उठून गेले. कितीतरी महिन्यांनी मी तिला असं तावातावानं बोलताना पाहिलं.

घरात पारा ४१ च्या वर गेला की नातवाला कुणी आत झोपवायचं नाही, बाज निंबाखाली न्यायची, असं आता घरात ठरलं आहे. आणि हळद भिजत असली तरी लेकरू एकटं ठेवून खळ्यावर जायचं नाही. आधी लेकरू काखेत घ्यायचं, मग ताडपत्री. या दुसऱ्या नियमाची परीक्षाही झाली. मे महिन्यात आभाळ आलं तेव्हा मी नातवाला कडेवर घेऊन पळाले. एका हातानं ताडपत्री कितीशी ओढणार! दोन पोत्यांची हळद भिजली. संध्याकाळी सुनेनं भिजलेली हळद पाहिली, नातवाकडे पाहिलं आणि न बोलता माझ्यासाठी चहा टाकला.

शेळ्यांच्या छपरावरच्या तुराट्या आम्ही काढल्या नाहीत. तिकडे जुन्याच आहेत. नातू त्यातली एखादी ओढून काढतो आणि शेळीला हाकायला घेतो. नात ओरडते, "अरे, तिच्या छपराची काढू नको!"